बीचम साहेब आणि शिंद्यांचे कंपू

दिल्लीतलं माझं हे दुसरं पोस्टिंग. पहिल्या वेळी कॅप्टन होतो, तेव्हा दिल्ली म्हणजे परेडची तालीम, धूळ आणि सुट्टी कधी मिळते याची वाट बघणं. आता चाळिशी उलटली आहे, संध्याकाळी घरी जेवायला मिळतं आणि थंडीच्या रात्री कुटुंबासोबत टीव्ही बघण्याची चैनही करता येते.

अशाच एका रात्री लेकीने ‘बीचम हाऊस’ ही इंग्रजी मालिका लावली. गुरिंदर चढ्ढांची, सहा भागांची. 2019 मध्ये ब्रिटनच्या आयटीव्ही वाहिनीवर आली आणि एका हंगामातच आटोपली. काळ 1795, ठिकाण दिल्ली. नायक जॉन बीचम हा ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतला माजी अधिकारी. कंपनीचे उद्योग पाहून त्याचं मन विटलं आहे. नोकरी सोडून तो दिल्लीत हवेली घेतो, इथे इमानदारीने व्यापार करायचं ठरवतो. सोबत एक तान्हं मूल आहे, त्याची आई हिंदुस्थानी. बादशहा शाहआलम आहे, त्याचा दरबार आहे, आणि इंग्रजांवर टपलेला कॅस्टिलॉन नावाचा एक फ्रेंच जनरलही आहे. पडदे, झुंबरं, हत्ती, घोडे, सगळं छान. टॉम बेटमन हा नटही रुबाबदार आहे.

तिसऱ्या भागाच्या आसपास लेकीने विचारलं, “बाबा, 1795 म्हणजे पेशव्यांचा काळ ना? मग तेव्हा दिल्ली कुणाकडे होती?”

मी म्हटलं, “आपल्याकडे. म्हणजे शिंद्यांकडे.”

“मग हे फ्रेंच जनरल कुणाचे?”

“तेही आपलेच. पगारी.”

ती हसली. मी मात्र त्या रात्री उशिरापर्यंत जागा होतो. मित्रहो, हा लेख त्या जागरणातून आला आहे.

1795 ची दिल्ली

आधी तारखा नीट लावून घेऊ. 1784 मध्ये शाहआलमने पेशव्यांना वकील-इ-मुतलक हे पद दिलं आणि त्यांच्या वतीने महादजी शिंद्यांना नायब नेमलं. बादशाही कारभाराची सूत्रं अशी मराठ्यांच्या हाती आली. मध्ये लालसोटच्या मोहिमेनंतर पकड सुटली. 1788 मध्ये गुलाम कादिर रोहिल्याने लाल किल्ल्यात शिरून म्हाताऱ्या बादशहाचे डोळे काढले. महादजींच्या फौजांनी दिल्ली परत घेतली, गुलाम कादिरला पकडून शिक्षा दिली आणि आंधळ्या शाहआलमला पुन्हा तख्तावर बसवलं. तेव्हापासून 1803 पर्यंत लाल किल्ल्याची राखण शिंद्यांकडे होती.

महादजी 12 फेब्रुवारी 1794 रोजी पुण्याजवळ वानवडीला वारले. आज तिथे त्यांची छत्री आहे. पुण्यात कमांड हॉस्पिटलला गेलेल्या आपल्यापैकी बहुतेकांनी ती जाता-येता पाहिली असेल. गादीवर आले दौलतराव, वय पंधराच्या आगेमागे. म्हणजे बीचम साहेब हवेलीच्या किल्ल्या हातात घेतात त्या वर्षी दिल्लीचा खरा धनी हा पुण्यात मुक्काम ठोकून बसलेला एक कोवळा मुलगा होता.

याच 1795 च्या 11 मार्चला खर्ड्याला निजामाचा पराभव झाला. सगळे मराठे सरदार एका झेंड्याखाली लढले अशी ती शेवटची मोठी लढाई. त्याच ऑक्टोबरात सवाई माधवराव शनिवारवाड्यात पडून गेले आणि पुढची भाऊबंदकी सुरू झाली. त्याच वर्षाच्या शेवटी आणखी एक गोष्ट घडली, जिच्याकडे आपलं सहसा लक्ष जात नाही. शिंद्यांच्या कवायती फौजेचा सेनापती बन्वा डी बॉयन नोकरी सोडून निघाला.

खरा मन विटलेला साहेब

मालिकेच्या लेखकांनी बीचम कुणावरून बेतला ते त्यांना ठाऊक. पण कंपनी सोडून हिंदुस्थानी दरबारात नशीब काढणारे गोरे त्या काळात खरोखरच होते, आणि त्यांतला पहिल्या प्रतीचा हा डी बॉयन.

जन्म 1751, सॅव्हॉय प्रांतातल्या शांबेरी गावी. बाप कातडी-फरचा व्यापारी. आधी फ्रान्सच्या फौजेतली आयरिश पलटण, मग रशियाची चाकरी, तुर्कांच्या कैदेत काही काळ, आणि 1778 मध्ये मद्रास. तिथे कंपनीच्या देशी पलटणीत एन्साइन, म्हणजे सगळ्यात खालचा अधिकारी. मनासारखी नेमणूक मिळेना म्हणून ती नोकरीही सोडली. 1784 मध्ये महादजींनी त्याला दोन पलटणी उभ्या करायला सांगितल्या.

पुढचं काम मात्र कुणाही सैनिकाने टोपी काढावी असं आहे. दोन पलटणींचे पुढे तीन कंपू झाले. कंपू म्हणजे आजच्या भाषेत ब्रिगेड, प्रत्येकात दहाच्या आसपास पलटणी आणि स्वतःचा तोफखाना. आग्र्याला सँगस्टर नावाच्या स्कॉटिश माणसाच्या देखरेखीखाली तोफा ओतल्या जाऊ लागल्या. 1790 मध्ये जूनला पाटण आणि सप्टेंबरला मेडता या दोन लढायांत या फौजेने राजपूत राजांची ताकद मोडली. मेडत्याला राठोडांच्या घोडदळाने जिवावर उदार होऊन झेपा घेतल्या, पण चौकोन रचून उभी राहिलेली पायदळाची रांग फुटली नाही.

मला त्याहून महत्त्वाची वाटते ती मागची व्यवस्था. डी बॉयनने दुआबातला मुलूख फौजेच्या खर्चासाठी जायदाद म्हणून लावून घेतला, त्यामुळे शिपायाचा पगार वेळेवर होऊ लागला. त्या काळच्या हिंदुस्थानात हा चमत्कारच होता. बाकी फौजा पगारासाठी धन्याच्या तंबूपुढे धरणं धरून बसायच्या. जखमी शिपायाला जखमेच्या मानाने रक्कम मिळे, कायमचा जायबंदी झाला तर निम्मा पगार आणि जमीन. डिसॅबिलिटी पेन्शनच्या फायली घेऊन वर्षानुवर्षं हेलपाटे घालणाऱ्या माझ्या निवृत्त मित्रांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

म्हणजे माणूस खोटा नव्हता. नोकरी चोख केली, महादजींशी शेवटपर्यंत प्रामाणिक राहिला. पण चाकरीला लागताना त्याने एक अट घातली होती: इंग्रज कंपनीच्या विरुद्ध लढायला मला सांगायचं नाही.

ही अट महादजींनी मान्य केली. का केली असेल, याचा मी पुष्कळ विचार केला. 1784 मध्ये समोरचे शत्रू वेगळे होते, इंग्रजांशी सालबाईचा तह नुकताच झाला होता आणि कवायती फौजेची निकड होती. आत्ताची लढाई जिंकायची तर ही अट सोसण्यासारखी होती. तुम्ही-आम्ही कदाचित हेच केलं असतं.

1795 च्या अखेरीस प्रकृतीच्या कारणाने तो निघाला. जाताना त्याने दौलतरावांना सल्ला दिला असं सांगतात: इंग्रजांशी कधी लढू नका, वेळ आली तर पलटणी मोडा पण त्यांचा संशय ओढवून घेऊ नका. स्वतःच्या स्वाराची तुकडी त्याने लखनौला कंपनीला विकली. प्रचंड पैसा घेऊन तो युरोपात पोचला. सोबत हिंदुस्थानी बायको आणि दोन मुलं होती. पण 1798 मध्ये लंडनला सतरा वर्षांच्या एका फ्रेंच खानदानी मुलीशी त्याने लग्न लावलं, आणि इकडून नेलेली ती बाई इंग्लंडच्या ससेक्स परगण्यात हेलन बेनेट या नावाने एकटी राहिली. 1853 मध्ये वारली. मालिकेतला बीचम मुलाला छातीशी धरून असतो. खऱ्या साहेबाचा हिशेब निराळा होता. शांबेरीत आज चार हत्तींचं कारंजं आहे, ते त्याचं स्मारक. गावासाठी त्याने सढळ हाताने पैसा दिला. तो पैसा कुठून आला होता, ते ते हत्ती सांगतात.

1803: अट फळाला आली

डी बॉयनच्या जागी आला पेराँ. खर्ड्याला शिंद्यांचा कंपू घेऊन लढला तोच हा. अलीगडला त्याचं ठाणं. इकडे दौलतराव आणि यशवंतराव होळकर एकमेकांच्या जिवावर उठले. ऑक्टोबर 1802 मध्ये हडपसरला होळकरांनी शिंदे-पेशव्यांच्या फौजेला हरवलं, बाजीराव वसईला पळाले आणि वर्षाच्या शेवटच्या दिवशी तैनाती फौजेच्या तहावर सही करून बसले. ऑगस्ट 1803 मध्ये इंग्रजांशी युद्ध पेटलं.

आता कंपूंच्या रचनेकडे बघा. शिपाई हिंदुस्थानी. जमादार, सुभेदार हिंदुस्थानी. त्यांच्या वर पलटणीचा कॅप्टन, लेफ्टनंट, कंपूचा कर्नल, सेनापती, सगळे युरोपियन किंवा अर्धे युरोपियन. एकाही मराठी मुलाला त्या वरच्या जागेसाठी तयार केलं नव्हतं. आपल्या सरदारांच्या पोरांना घोड्यावरची लढाई माहीत होती. पायदळाची पलटण चालवणं हे ‘फिरंग्याचं काम’.

गव्हर्नर जनरल वेलस्लीने हे बरोबर ओळखलं. शिंद्यांच्या नोकरीतल्या ब्रिटिश प्रजाजनांनी नोकरी सोडावी, त्यांच्या पोटापाण्याची सोय कंपनी करील, असा जाहीरनामाच त्याने काढला. बरेच जण आले. 29 ऑगस्टला कोईलजवळ चकमक झाली, पेराँने पाठ दाखवली आणि काही दिवसांत सुरक्षित वाट मागून तो लखनौकडे निघून गेला. 4 सप्टेंबरला लेकने अलीगडचा किल्ला घेतला. हल्ल्याच्या तुकडीला दरवाजापर्यंत वाट दाखवणारा ल्यूकन हा काही दिवसांपूर्वीपर्यंत शिंद्यांचाच नोकर होता. किल्ल्यातल्या शिपायांनी मात्र कडवी झुंज दिली.

11 सप्टेंबरला यमुनेच्या या काठावर, पटपडगंजच्या बाजूला, दिल्लीची लढाई झाली. सेनापती लुई बूर्कां. तो लवकर निसटला आणि तीन दिवसांनी शरण आला. 16 तारखेला लेक लाल किल्ल्यात आंधळ्या शाहआलमपुढे उभा होता. दिल्लीतली मराठी सत्ता संपली.

या लढाईचा स्मारकस्तंभ आज नोएडाच्या गोल्फ कोर्समध्ये आहे. परवा एका मित्रासोबत तिथे गेलो होतो. आजूबाजूला लोक खेळत होते, आम्ही दोघे दगडापुढे उभे. त्यावर इंग्रजीत लिहिलं आहे की मराठ्यांची फौज, सेनापती लुई बूर्कां, जनरल लेकने हरवली. मित्र शीख रेजिमेंटचा. तो म्हणाला, “सर, मराठ्यांच्या फौजेत मराठी नाव कुठंय?” मला उत्तर सुचलं नाही.

खरं उत्तर मिळतं ते अलवरजवळ लासवारीला. 1 नोव्हेंबर 1803. तोवर युरोपियन अधिकारी जवळपास सगळे निघून गेले होते. उरलेल्या पलटणी स्वतःच्या सुभेदार-जमादारांच्या हुकमाखाली लढल्या. गोलंदाज तोफा सोडेनात. संगिनीने भोसकले गेले तेव्हाच तोफा पडल्या. लेकचा घोडा पडला, मुलगा त्याच्यासमोर जखमी झाला. नंतर त्यानेच कळवलं की यांच्यावर फ्रेंच अधिकारी असते तर निकाल काय लागला असता सांगता येत नाही.

हे वाचताना माझ्या डोळ्यासमोर माझे पहिले सुभेदार साहेब येतात. लेफ्टनंट म्हणून युनिटमध्ये पोचलो तेव्हा मला सगळं येतं असं मला वाटत होतं. त्यांनी मला न दुखवता शिकवलं. लासवारीला असेच सुभेदार साहेब शेकड्याने उभे होते. त्यांना वरच्या पायरीवर चढू द्यायचं कुणाच्या मनातच आलं नव्हतं.

दुसरी अट

इथे थांबलो असतो तर ‘फिरंगी ते फिरंगीच’ असं म्हणून मोकळा झालो असतो. पण ते खरं नाही. पानिपतावर इब्राहिमखान गारदी शेवटपर्यंत भाऊसाहेबांसोबत राहिला आणि पकडला जाऊन मारला गेला. तोही पगारीच होता, त्याचीही पलटण फ्रेंच वळणाची होती. आणि दिल्लीत आणखी एका माणसाची खूण आहे, ती बघायला काश्मिरी गेटला जावं लागतं.

तिथलं पिवळट रंगाचं, घुमटाचं सेंट जेम्स चर्च जेम्स स्किनरने बांधलं. जन्म 1778, बाप कंपनीतला स्कॉटिश अधिकारी, आई राजपूत. आईबाप दोघेही युरोपियन नसतील तर कंपनीच्या फौजेत अधिकारी होता येणार नाही, असा नियम तेव्हा झाला होता. म्हणून पोरगा डी बॉयनच्या कंपूत लागला. 1800 मध्ये उणियाराच्या लढाईत गोळी लागून तो रणात पडून राहिला. वाचलो तर देवाचं घर बांधीन असं तिथे बोलला. एका गरीब बाईने त्याला भाकरी आणि पाणी दिलं. चर्च पुरं व्हायला 1836 उजाडलं, पण शब्द पाळला.

1803 मध्ये पेराँने ब्रिटिश रक्ताच्या सगळ्यांना नोकरीवरून काढलं, त्यात स्किनरही गेला. त्याने स्वतः सांगितलेली हकिकत अशी: कोईलच्या चकमकीनंतर पेराँ बोडक्या डोक्याने पळत येताना त्याला भेटला. स्किनर म्हणाला, मी थांबतो, लढतो. पेराँ म्हणाला, सगळं संपलं, आणि त्याला सोबत घ्यायला नकार दिला. नाइलाजाने तो लेककडे गेला. दिल्लीच्या लढाईनंतर शिंद्यांच्या नोकरीतले जे स्वार इंग्रजांकडे आले, त्यांनी सरदार म्हणून मागितला तो ‘सिकंदर साहेब’, म्हणजे हाच स्किनर. त्याने होकार दिला तो एका अटीवर: माझे जुने धनी शिंदे यांच्याविरुद्ध मी लढणार नाही.

दोन माणसं, दोन अटी. दोघांनाही कंपनीने डावललेलं. एकाने शिंद्यांचं मीठ खाण्याआधीच कंपनीसाठी दार उघडं ठेवलं. दुसऱ्याने शिंद्यांकडून हाकलला गेल्यावरही त्या मिठाची आठवण ठेवली. स्किनरची ती पिवळ्या अंगरख्यांची रिसाला आज आपल्या सैन्यात स्किनर्स हॉर्स म्हणून आहे, ‘हिम्मत-ए-मर्दां, मदद-ए-खुदा’ हे तिचं ब्रीद. स्वतः स्किनरला कंपनीने लेफ्टनंट कर्नलचा हुद्दा देईपर्यंत वीस वर्षांहून अधिक काळ गेला.

माझी गोष्ट, थोडक्यात

हे सगळं मला इतकं का लागलं, ते प्रामाणिकपणे सांगतो. गेल्या वर्षी एक यादी लागली. त्यात माझं नाव नव्हतं. ज्यांनी हा दिवस पाहिला आहे त्यांना जास्त सांगायला नको. दोन दिवस मेसमध्ये कुणी नजरेला नजर देत नाही, आणि तिसऱ्या दिवशी सगळे जास्तच प्रेमाने बोलतात. नंतर एका कंपनीकडून चांगल्या पगाराची विचारणा आली. अर्ज लिहून ठेवला आहे, तारीख घातलेली नाही.

त्या दिवसांत मला स्वतःविषयी जे वाटत होतं ते थेट बीचम साहेबासारखं होतं: मी चांगला, व्यवस्था वाईट, म्हणून मी निघतो. मालिकेत हे फार शोभून दिसतं. पण डी बॉयन, पेराँ, स्किनर यांच्या गोष्टी लागोपाठ वाचल्या आणि लक्षात आलं की मन विटणं ही काही मोठी कमाई नाही. त्या काळातल्या जवळजवळ प्रत्येक साहेबाचं मन कुठे ना कुठे विटलेलंच होतं.

निवृत्ती घेणं वाईट नाही. माझे कितीतरी चांगले मित्र बाहेर पडले, मान ताठ ठेवून जगताहेत. डी बॉयनही रीतसर निरोप घेऊनच गेला. माझा मुद्दा त्याच्यामागे काय उरलं याचा आहे. अकरा वर्षांत त्याने उत्तम फौज उभी केली, पण आपल्या जागी बसू शकेल असा एकही इथला माणूस तयार केला नाही. ते त्याला कुणी सांगितलंही नाही. आपण शिपाई घडवले, तोफा ओतल्या आणि अधिकारी भाड्याने आणले. अधिकारी गेले तेव्हा उरले ते लासवारीचे सुभेदार.

या चुकीची दुरुस्ती व्हायला फार वर्षं लागली. डेहराडूनची अकॅडमी 1932 मध्ये सुरू झाली. खडकवासल्याला आमच्या एनडीएचं उद्‌घाटन जानेवारी 1955 मध्ये झालं. सिंहगडाकडे तोंड करून ड्रिल करताना, उस्तादांच्या शिव्या खाताना, ही जागा नेमकी कसली भरपाई आहे हे अठराव्या वर्षी मला माहीत नव्हतं. आज एखादा कमांडिंग ऑफिसर पडला तर त्याच्या खालचा पुढे होतो, तो पडला तर त्याच्या खालचा, आणि शेवटी सुभेदार साहेब. पलटण थांबत नाही. एका माणसाच्या रुसण्यावर किंवा अटीवर ती अवलंबून नाही. माझ्याही नाही, हे समजायला थोडं जड गेलं, पण त्यात एक समाधानही आहे.

सध्या माझ्या हाताखाली दोन तरुण मेजर आहेत. दोघेही हुशार, दोघांनाही घाई. अर्जावर तारीख घालायची की नाही हे ठरेल तेव्हा ठरेल, पण मला जे काही येतं ते या दोघांना पूर्ण शिकवून झाल्याशिवाय नाही, एवढं ठरवलं आहे.

मालिका आम्ही शेवटपर्यंत पाहिली. लेकीला आवडली. मात्र आता तिला काश्मिरी गेटचं चर्च बघायचं आहे आणि नोएडाचा तो दगडही. रजा मिळाली तर पुढे लासवारीलाही जाऊ. तिथल्या पलटणींतल्या सुभेदारांची नावं कुठे लिहून ठेवलेली सापडतात का, ते शोधायचं आहे. सापडली तर इथे लिहीन.

जय हिंद.